मंगळवेढ्याच्या माळावरचं कंदीलपुष्प

आज मी समुद्रातल्या बेटांवरच्या दुर्मीळ वनस्पती वाचवण्याचं काम करते. पण मी पाहिलेलं पहिलं बेट मंगळवेढ्याजवळ होतं. त्याच्या चारी बाजूंना पाणी नव्हतं, ज्वारीची काळी रानं होती.

सोलापूरच्या कॉलेजात एमएस्सी करत असताना आमच्या मॅडम मला कंदीलपुष्पाची वेल शोधायला एसटीने त्या मुरमाड टेकाडावर घेऊन गेल्या. "खालच्या काळ्या मातीत ही वेल जगत नाही," त्या म्हणाल्या. "पिढ्यान्‌पिढ्या इथंच एकटी राहिली, म्हणून तिचं फूल इतर माळांवरच्या फुलांहून वेगळं होत गेलं." दुपारपर्यंत शोधूनही वेल दिसेना. शेवटी शेरडं राखणाऱ्या एका मावशींना मी वहीतलं चित्र दाखवलं.

"ही व्हय? हिचा गड्डा लई ग्वाड. ल्हानपणी उकरून खायचो की आमी."

त्यांनी काठीने गवत बाजूला केलं. बोटभर लांब, कंदिलासारखं फूल. मी गुडघे टेकून कितीतरी वेळ बघत राहिले. सगळ्या टेकाडावर मिळून सातच वेली निघाल्या. "आम्हाला गड्डा नको, बी हवंय," मॅडमनी मावशींना सांगितलं आणि कॉलेजचा पत्ता दिला.

दिवाळीनंतर एक दिवस मावशी कॉलेजच्या फाटकाशी उभ्या. पदराच्या गाठीत शिंगांसारख्या दोन शेंगा, लोकरीच्या धाग्याने आवळलेल्या.

"पिकली की फुटती अन् बी म्हातारीवानी उडून जाती. म्हणून आदीच बांधून ठिवल्या."

हे आम्हा दोघींना सुचलंच नव्हतं. मॅडमनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः चहा आणायला गेल्या.

त्या बियांची रोपं आम्ही कॉलेजच्या गच्चीवर वाढवली. उन्हाळ्यात सगळ्या वेली वाळून गेल्या, तेव्हा मी रडले. "कंद झोपलेत. थांब जरा," मॅडम म्हणाल्या. मृगात खरंच कोंब फुटले. ते घेऊन आम्ही टेकाडावर गेलो. मावशींनी स्वतःच्या खुरप्याने खड्डे घेतले, भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या.

"आणि तुमची शेरडं?" मी विचारलं.

"त्यास्नी पल्याड न्हेते की."

पुढे प्रत्येक पावसाळ्यात मी जात राहिले. नोकरीसाठी सोलापूर सोडण्याआधी शेवटची गेले, तेव्हा मावशींनी मला लांबूनच थांबवलं. "पाय बगून टाक, बाई. हितं नवं उगवलंय."

आमच्यापैकी कुणीच न लावलेली एक वेल दगडाच्या आडोशाला उभी होती.