डाव्या हाताचा पीळ

जुनी मोटारसायकल खोलण्यापूर्वी तिची कुळकथा काढायची, हा तारमास्तरांचा नियम होता. "सोयरीक जुळवताना घराणं बघतात, मग पाना लावताना का बघू नये?" असे ते म्हणत. मालकाला जो डाग वाटतो तो पुष्कळदा त्या यंत्राच्या आयुष्यातला एखादा प्रसंग असतो, आणि पॉलिशपेपर एकदा फिरला की तो प्रसंग कायमचा पुसला जातो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून ते आधी नुसते बघत बसत. स्टूल गाडीच्या उजवीकडे, मग डावीकडे, मग मागे.

तारमास्तर हे नाव त्यांना बाजारपेठेने दिले होते. त्यांच्या हातून गेलेल्या गाडीचा कोणताही महत्त्वाचा बोल्ट तारेवाचून राहत नसे. बोल्टाच्या डोक्याला बारीक भोक पाडायचे, त्यातून तार ओवायची, पक्कडीने पीळ देऊन शेजारच्या खुंटीला बांधायची, म्हणजे कितीही हादरे बसले तरी बोल्ट फिरत नाही. शर्यतीच्या गाड्यांना हे लागतेच; पण मास्तर दूध घालणाऱ्याच्या फटफटीलाही तार घालत. शेजारचा वेल्डर म्हणायचा, "मास्तर, तुमच्या खुर्चीलापण घाला एक तार. बसल्या बसल्या पळून जायची!" मास्तर हसत. तार का घालतात, हे मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही.

एके सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई टेम्पोतून एक गाडी घेऊन आल्या. ब्रिटिश बनावटीची, एका सिलिंडरची, आणि चाकांपासून दिव्यापर्यंत गर्द हिरव्या रंगाने माखलेली. दूरच्या गावातल्या एका वखारीच्या दारात ती शोभेसाठी कितीतरी वर्षे उभी होती.

"विकणारा म्हणतो, शर्यतीत धावलेली आहे," बाई म्हणाल्या. "खरं की थाप, तेवढं आधी सांगा. घाई नाही. मीसुद्धा एक्स-रे काढल्याशिवाय दाताला हात लावत नाही."

"मग आपलं जमेल," मास्तर म्हणाले.

पेट्रोलची टाकी दुसऱ्याच गाडीची होती आणि पुढचे चाकही मूळचे नव्हते. पण मागच्या ब्रेकच्या झाकणाला वजन कमी करण्यासाठी ओळीने भोके पाडलेली होती, आणि पाय टेकवायचे दांडे बैठकीच्या बरेच मागे सरकवलेले होते. वाकून, हनुवटी टाकीला टेकवून चालवणाऱ्यासाठीच अशी मांडणी करतात. मास्तरांनी दुचाकीच्या पुढच्या पाटीवरचा रंग नखाएवढा खरवडला. हिरव्याखाली पांढरा निघाला, आणि पांढऱ्यावर काळ्या आकड्याची एक कड.

थाप नव्हती. पण अशा गाड्या त्या काळी पुष्कळ होत्या; ही कोणाची, हे अजून कळायचे होते. मास्तर वखारीत गेले. वखारवाल्याचा मुलगा आता स्वतःच म्हातारा झाला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"वडिलांनी घेतली होती," तो म्हणाला. "एका नळवाल्याकडून. त्याचा मोठा मुलगा हिच्यावरच गेला म्हणे. त्यानं किंमतसुद्धा केली नाही हो. म्हणाला, 'घेऊन जा, फक्त माझ्या डोळ्यांसमोरून न्या.' आम्ही मोडकी टाकी आणि पुढचं चाक तेवढं बदललं, रंग दिला आणि दारात उभी केली. इंजिनाला पाना म्हणून कधी लावला नाही. उगाच कशाला, नाही का?"

मास्तर तेथून उठून निघाले. तो नळवाला म्हणजे त्यांचे वडील होते.

त्या घरात तेव्हा मोठी बहीण, दादा आणि सगळ्यांत धाकटे हे, असे तिघे होते. बाबा नळजोडणीत वाकबगार. गाडी चालवायची दादाने आणि तयार करायची धाकट्याने, अशी वाटणी होती. शेवटच्या शर्यतीत दादाचे मागचे चाक वळणावर घसरले. ते चाक तेलाने ओले होते, एवढे सगळ्यांनी पाहिले. इंजिनाच्या तळाशी तेल सोडण्याचा बोल्ट असतो. त्याला तार घालणे हे धाकट्याचे काम. तार ओवल्याचे त्याला आठवत होते. पीळ दिल्याचे आठवत नव्हते. दुसऱ्याच दिवशी गाडी घरातून गेली, आणि खात्री करून घेण्याची वाट बंद झाली.

बाबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे एकदा जेवताना धीर करून तो म्हणाला होता, "बाबा, त्या गाडीचं मला एक बोलायचंय..." बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि ते उठून गेले. त्या उठून जाण्याचा अर्थ धाकट्याने त्याच क्षणी लावला, आणि तो अर्थ उराशी घेऊन तो म्हातारा झाला. बाबा जाऊनही आता बरीच वर्षे लोटली होती.

दुकानात परतल्यावर मास्तरांनी गाडीखाली पोते अंथरले खरे, पण आडवे व्हायला धजेनात. त्यांनी हत्यारे पुसली. पुसलेली हत्यारे पुन्हा पुसली. वेल्डरने विचारले, "काय मास्तर, आज पाने धुऊन वाळत घालणार काय?" तेव्हा कुठे ते गाडीखाली सरकले.

तेथेही हिरव्या रंगाचा थर होता. त्यांनी तो हलक्या हाताने सोडवला. बोल्ट जागेवर होता. बोल्टात तार होती, तारेला पीळ होता, आणि तो पीळ उलटा होता. उजव्या हाताने काम करणाऱ्याची तार एका बाजूला वळते. मास्तर डावरे, त्यांची दुसऱ्या बाजूला. सबंध गावात तसा पीळ देणारा दुसरा कोणी नव्हता.

बराच वेळ ते पोत्यावर तसेच पडून राहिले. डोळ्यांतले पाणी कानात उतरत होते आणि ते पुसायचेही त्यांना सुचले नाही.

मग सवयीने मनात पुढचा प्रश्न उठला. बोल्ट घट्ट होता, तर तेल आले कोठून?

तेलाची टाकी बैठकीखाली असते आणि तेथून एक नळी इंजिनाकडे येते. त्या नळीचे टाकीकडचे टोक निखळलेले होते. तिला धरून ठेवणारा नट मोकळा होऊन मागे सरकला होता आणि वखारवाल्याचा रंग त्याच्यावर तसाच वाळला होता. मास्तरांनी आट्यांवरचा रंग सोडवला. खाली काळवंडलेला, दगडासारखा कडक झालेला, नळवाले सांध्यात भरतात तो सफेदा होता, आणि सफेद्यात गुंडाळलेला तागाचा धागा. धाग्याचे शेवटचे टोक दुमडून आत दाबलेले होते. पाण्याच्या नळाला सारेच नळवाले धागा गुंडाळतात. पण टोक असे निगुतीने आत घेण्याची पद्धत एकाच माणसाची होती.

पाण्याच्या सांध्याला धागा हवाच. तेलाच्या या सांध्यात मात्र धातू धातूवर चपखल बसला, तरच तेल थांबते. मध्ये धागा आला की नट पुरता बसत नाही. बसल्यासारखा वाटतो आणि हादऱ्यांनी हळूहळू सुटतो. आयुष्यभर नळ जोडणाऱ्या माणसाकडूनच ही चूक व्हावी, इतर कोणाला ती सुचलीही नसती. शर्यतीच्या सकाळी धाकटा पेट्रोल आणायला गेला, तेव्हा बाबा गाडीपाशी एकटेच होते. कोठेतरी थेंब पाझरताना दिसला असेल. पोराची काळजी, आणि खांद्यावर कामाची पिशवी. हात आपोआप गेला असेल.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या.

"मग? काय निघालं?"

"शर्यतीतली आहे. अस्सल."

"वा! आणि पुढं काय झालं?"

"चाकाला तेल लागलं. चालवणारा गेला."

बाई हळूच म्हणाल्या, "कुणाची चूक होती?"

"तेवढं यंत्र सांगत नाही, बाई," मास्तर म्हणाले.

त्याच दुपारी ते ताईकडे गेले. ताईने लग्न केले नव्हते. बाबांचे सारे शेवटपर्यंत तिनेच केले, आणि ती अजून त्याच घरात राहत होती. तिने चहाचे आधण ठेवले. न्हाणीतून नळाची टपटप ऐकू येत होती.

"ऐकलास ना?" ताई म्हणाली. "तीन नळवाले झाले, हा आपला रडतोच आहे. तू नुसता भाऊ असून काय उपयोग!"

"ताई, बाबांनी नळाचं काम का सोडलं गं?"

"आज कुठून आठवलं तुला?" तिने चहा गाळता गाळता मान वर केली. "दादा गेल्यावर पिशवी माळ्यावर टाकली ती टाकलीच. विजेच्या कचेरीत मीटर वाचायची नोकरी धरली. मी म्हटलं, बाबा, घरचा न्हाणीतला तरी नळ बसवा. तर म्हणाले, 'माझ्या हाताला यश नाही. दुसऱ्याला बोलाव.' मला वाटलं, दुःखानं बोलतायत."

"ती गाडी माझ्याकडे आलीय." मास्तर थांबले. "तार जागेवर होती, ताई."

ताईने भांडे खाली ठेवले. "म्हणजे तू इतकी वर्षं... अरे बाळ, तुला कोण काय म्हणालं होतं?"

"कुणीच नाही."

"मग तेल कशानं आलं?"

मास्तरांची नजर ओट्यावरच्या नळाकडे गेली. ताईने त्या नजरेकडे पाहिले, मग नळाकडे पाहिले, आणि पदराने हात पुसत पुसत ती खाली बसली.

"शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले होते," ती म्हणाली. "'धाकट्याला सगळं ठाऊक आहे. एकदा बोलायला लागला होता, मला ऐकवेना. पण पुन्हा शब्द काढला नाही, हे त्याचे उपकार.' मी म्हटलं, वातात बडबडतायत. तुला सांगितलंसुद्धा नाही रे."

चहावर साय धरली. एकाच पंगतीला दोन माणसे वर्षानुवर्षे समोरासमोर जेवली, आणि दोघांनीही मान वर केली नाही.

मास्तर उठून ओट्यापाशी गेले. हा नळ दादा असताना बसवलेला. सांध्याच्या कडेला धाग्याचे टोक दुमडून आत घेतलेले दिसत होते. त्यांनी डाव्या हाताचे बोट सांध्याभोवती, खालून, मागून, सगळीकडून फिरवले आणि उजेडात धरून पाहिले.

"तो नाही गळायचा," ताई मागून म्हणाली. "बाबांच्या हातचा आहे."

बोट कोरडे होते.