प्रॉक्सिमोच्या पंधरा तारखेला

माझ्या मुलीची पहिली नोकरी मी ती सुरू होण्याआधीच घालवली होती, आणि तीही उत्तम इंग्रजी लिहून.

चौतीस वर्षं फोर्टमधल्या एका कचेरीत पत्रव्यवहार सांभाळून मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि बोळिंजच्या फ्लॅटमध्ये येऊन बसलो. जुने इंग्रजी शब्द म्हणजे माझा जीव की प्राण! ('क्लार्क' म्हणजे मुळात पाद्री, हे मी सोसायटीच्या वॉचमनलाही समजावून सांगितलं आहे. तेव्हापासून मी दिसलो की तो पाण्याचा पंप चालू करायला पळतो.)

आमच्या सायलीला अंधेरीच्या एका कंपनीचं पत्र आलं. सहा महिने वाट पाहून मिळालेली नोकरी! बारा वाजेपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. तिने मेल टाइप केली आणि म्हणाली, "बाबा, जरा स्पेलिंग बघा. अंघोळ करून आले की पाठवते."

मी बघितलं. 'हाय मॅडम, थँक्स! नेक्स्ट मंथ फिफ्टीन्थला जॉइन करते.' हाय? वरिष्ठांना हाय? मी बाह्या सरसावल्या. सुरुवातीलाच 'आय बेग टु स्टेट' घातलं. मग त्यांचं 'अठ्ठावीस अल्टिमो'चं पत्र पोचल्याचं कळवलं, 'पंधरा प्रॉक्सिमो'ला रुजू होण्याचं वचन दिलं आणि शेवटी 'आपली अत्यंत आज्ञाधारक सेविका' अशी सायलीची सही ठोकली. (अल्टिमो म्हणजे गेला महिना, प्रॉक्सिमो म्हणजे येता. दोन्ही लॅटिन; मुळात पुढे 'मेन्से', म्हणजे 'महिन्यात', असायचं. आमच्या कचेरीत हे शिपायालाही ठाऊक होतं!) आणि उत्साहाच्या भरात मेल पाठवूनही दिली.

"अहो, तिला विचारलंत का?" आमच्या सौ. स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"चांगल्या इंग्रजीला परवानगी कशाला लागते?"

वीस मिनिटांत उत्तर आलं. 'डिअर सायली, तुम्ही प्रॉक्सिमो जॉइन करताय हे वाचून वाईट वाटलं. ही जागा आता आम्ही दुसऱ्या उमेदवाराला देत आहोत. ऑल द बेस्ट!'

सायली केस पुसत आली, तिने दोन्ही मेल वाचल्या आणि मटकन खाली बसली.

"बाबा, हा प्रॉक्सिमो कोण?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरंच लाज वाटली. त्या कंपनीतल्या मॅडमना मीच फोन लावला.

"मॅडम, मी सायलीचे वडील. ती प्रॉक्सिमोत जात नाहीये हो!"

"अच्छा, मग अल्टिमोत चाललीय का? मेलमध्ये तेपण नाव होतं."

"छे छे! अल्टिमो तर संपला!"

"संपला? स्टार्टअप होता का?"

"महिना होता, मॅडम!"

"एकच महिना चालला? बापरे!"

"तसं नव्हे! लॅटिनमध्ये त्याच्यापुढे मुळात 'मेन्से' असं..."

"ओके, म्हणजे फायनली मेन्सेची ऑफर घेतली का तिने?"

आता सायलीने फोन हिसकावला. "मॅडम, मी कुठेही जात नाहीये! तुमच्याकडेच येतेय, पुढच्या महिन्याच्या पंधराला. प्लीज!"

सौ.ही स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि आम्ही तिघं फोनला कान लावून उभे. मग फोनमधून खो खो हसू ऐकू आलं.

"अगं, दुसऱ्या कॅन्डिडेटची मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. ये तू! पण एक सांग, ती मेल कुठल्या एआयकडून लिहून घेतलीस? आम्हालापण ट्राय करायचंय."

सायलीने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"नको मॅडम," ती म्हणाली, "आमच्या घरातलंच जुनं मॉडेल आहे. अपडेट घेत नाही, न विचारता उत्तरं देतं, आणि बंद करायचं बटण आईलाही अजून सापडलेलं नाही!"