नाव न विचारणारा ओटा

सुनंदाबाई आमच्या पाथर्डीच्या शाळेत विज्ञान शिकवत, मी मराठी. मी नवा नवा रुजू झालो तेव्हा एके दिवशी संगणकाच्या खोलीबाहेर मुले ताटकळत उभी दिसली आणि आत बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फरशीवर बसलेल्या. परवाना संपला म्हणून कंपनीचे सॉफ्टवेअर चालेना. बाईंनी ते सरळ पुसून टाकले होते आणि त्या जागी कुणालाही वापरता येईल, उघडून बदलता येईल असे मुक्त सॉफ्टवेअर बसवायला घेतले होते. "हे चालेल का?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "चालतंय का ते बघू, सर. पण जे उघडून बघता येत नाही ते मुलांना शिकवायचं कसं?" बाई हट्टी आहेत असे माझे तेव्हा मत झाले. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना ते मत कायम आहे. फक्त तो हट्ट आता मला प्रिय झाला आहे.

निवृत्तीनंतर बाईंनी घरातल्याच एका जुन्या संगणकावर मुक्त सॉफ्टवेअर वापरून ‘ओटा’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरे ऊसतोडीला लांब जातात. मागे राहिलेले म्हातारे, शाळेतली मुले आणि तिकडे गेलेली माणसे यांनी एकमेकांशी बोलावे, यासाठी ही जागा. मी म्हणालो, "फुकटचे तयार ग्रुप आहेत की मोबाईलवर, एवढा उपद्व्याप कशाला?" बाई म्हणाल्या, "ते भाड्याचं घर आहे, सर. मालक चांगला असेलही. पण भिंतीत खिळा मारायचा तर त्याला विचारावं लागतं."

हा खिळा त्यांनी कसा मारला ते सांगतो. ओट्यावरून निघताना ‘बाहेर पडा’ असे बटण होते. ऊसतोडीच्या फडावरच्या एका बाईने लिहिले, "आसं तर कुनी कुत्र्यालाबी म्हनत न्हाई." बाईंनी त्याच दिवशी आतली अक्षरे बदलून तिथे ‘येते हं’ केले. पुरुषांची तक्रार आली तेव्हा ‘येतो’ही टाकले. मी मराठीचा मास्तर, पण मला ते सुचले नव्हते.

सगळे गोडच होते असे मी म्हणणार नाही. एका संक्रांतीला बाईंच्या सूनबाईंनी तिळाचे कूट करायला मिक्सर लावला आणि त्यासाठी नेमकी त्या संगणकाचीच पिन काढली. ओटा दिसेनासा झाला तशी कर्नाटकातल्या फडांवरून फोन सुरू झाले, "बाई, गावाला काय झालं?" मी संधी साधून म्हणालो, मोठ्या कंपनीचे असे बंद पडत नाही. बाईंनी पिन लावली आणि म्हणाल्या, "बंद पडलं तर फोन कुणाला करायचा, हे आपल्या लोकांना ठाऊक आहे. तेवढं मला पुरे." यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

पण एका हंगामात मात्र मी वाद घालणे सोडले. ‘बाभळ’ या टोपणनावाने कुणीतरी ओट्यावर लिहिले की, आमच्या तळावर बैल धुतात त्याच कालव्याच्या चारीचे पाणी प्यावे लागते, लेकरे आजारी पडलीत आणि मुकादम ऐकत नाही. टोळी कोणती ते मजकुरावरून कळत होते आणि तिचे मुकादम बबनराव म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर. ते दुसऱ्याच दिवशी बाईंच्या दारात आले. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. नाव कळले असते तर लिहिणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना पुन्हा कुठल्या टोळीत काम मिळणे अवघड होते. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

"वहिनी, त्ये कुनी लिवलं तेवढं सांगा. मी कुनाला काय बोलनार न्हाई."

"भाऊजी, मला माहीत नाही. टोपणनावामागचं माणूस मलाही दिसू नये, अशीच सोय आत बदल करून ठेवली आहे मी."

"घरातलंच मशीन, आन् घरच्यालाच न्हाई सांगत?"

"घरातलं आहे म्हणूनच तशी सोय केली. चहा घ्या, आणि उत्तर तिथेच लिहा. सगळे वाचतील."

बबनराव चहा न घेता गेले. त्या वर्षी आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या पानावर जेवायलाही ते आले नाहीत. बाईंना ते फार लागले. जेवताना त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. ओट्यावर मात्र त्याआधीच बबनरावांनी स्वतःच्या नावाने एक ओळ लिहिली होती : "टँकर सांगितला हाय. उद्यापसून येईल." पुढच्या आखितीला तेही आले.

मुक्त सॉफ्टवेअरवर बाईंची व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत आणि खरे सांगायचे तर काहींत मला डुलकीही लागली आहे. मला ते तत्त्व खऱ्या अर्थाने कळले ते यंदा, टोळ्या गावी परतल्यावर. मी बाईंकडे असताना एक बाई काकवीची बरणी घेऊन आल्या. बरणी ठेवून त्या थोडा वेळ पदराशी चाळा करीत बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "बाई, त्ये पान्याचं लिवलं हुतं ना, ती बाभळ म्हंजी..."

बाईंनी झटकन त्यांच्या हातावर हात ठेवला. "नको. सांगू नकोस. उद्या भाऊजींनी पुन्हा विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही."

त्या बाई हसल्या, डोळे पुसले, आणि "येते हं" म्हणून निघाल्या. बाईंनी काकवीची चव घेतली आणि छान झाली आहे म्हणाल्या.

सुनंदाबाईंना भरपूर आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि तो जुना संगणक दोन्ही चालते राहोत. आणि त्यांना जे माहीत नाही, ते त्यांना कधीही माहीत न होवो.