सीताफळाची पानं आणि सरांचा फ्लेक्स

मंडळी, आमच्या सरांनी कॅन्सर हरवला, असा त्यांच्या हसऱ्या फोटोचा फ्लेक्स कॉलेजच्या गेटवर झळकतोय! केलं काय? सीताफळाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवून काचेच्या डिशमधल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकले. पेशी मेल्या. डिशमध्ये त्या फिनेलनंही मरतात.

आज तो फ्लेक्स वाचून मोहोळच्या एक मावशी नवऱ्यासाठी रिकामी बाटली घेऊन आमच्या लॅबमध्ये आल्या. "मालकांची केमो बंद केली की. पानाचं औषध द्या."

सरांना बोलवायला गेलो, तर केबिनला आतून कडी लावत म्हणाले, "मीटिंगला गेलेत म्हणून सांग."

"हे औषध नाही, केमो सोडू नका," मी हात जोडले.

"तुमाला न्हाय म्हाईत. मोठे सर आले की परत येते," म्हणून त्या गेल्या.

सांगा, हा माणूस त्या फ्लेक्सवर कुठल्या तोंडानं हसतोय?