नावावर झालेला भाऊ

पौषातल्या सकाळी घरामागच्या परड्यात कंद खणायला सुरुवात झाली, की ओल्या तांबड्या मातीचा थंड, किंचित गोडसर वास दारापर्यंत येतो. आणि त्याच्या मागोमाग कुणाच्या तरी चुलीत भाजायला घातलेल्या कंदाचा खरपूस दरवळ असा काही येतो, की मन घरात थांबायला तयार होत नाही. कारवारकडच्या जोयडा तालुक्याच्या या रानात, बाजारकुणंग गावाच्या पलीकडे, झाडांच्या गर्दीत विखुरलेली आमची चार घरं. थंडीत धुकं इतकं रेंगाळतं, की शेजारचं घर दिसतच नाही, दिसतो तो फक्त त्याचा धूर. नुसत्या धुरावरून माणसं ओळखली आहेत कधी तुम्ही? माझा भाऊ सोमा ओळखायचा. ज्या घरात चूल आधी पेटेल, त्या घराच्या पायरीवर तो सर्वांच्या आधी जाऊन बसलेला असे.

सोमा वयानं चाळिशी ओलांडलेला, पण मनानं पाच-सहा वर्षांचाच राहिलेला. आई होती तेव्हा, आणि ती गेल्यावरही, तो एका घराचा असा कधी नव्हताच. सकाळची पेज एकीकडे, दुपारचा भात दुसरीकडे; कुठं लाकडं आत नेऊन टाकायची, कुठं धार काढताना वासराला धरून उभं राहायचं. सांज झाली, की असेल त्या घरात घोंगडी ओढून तो खुशाल निजून जाई. मी रामनगरच्या मराठी शाळेत आयुष्य काढलं, लग्नाच्या फंदात पडले नाही, आणि निवृत्त होऊन गावी परतले ती अनाथ भावाला सांभाळण्याच्या उदात्त संकल्पानं. येऊन पाहते तर भाऊ आधीच सांभाळलेला! खरं सांगते, तेव्हा मी थोडी हिरमुसलेच.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याला हर्नियाचा त्रास सुरू झाला. ऑपरेशन करायचं ठरलं आणि डॉक्टरांनी विचारलं, याच्या वतीनं सही कोण करणार? मी बहीण आहे, हे उत्तर त्यांना पुरेना. केस पिकू लागलेल्या सज्ञान पुरुषाला कायदेशीर पालक हवा होता. मग अणशीचा घाट उतरून कारवारच्या खेपा झाल्या, पालक नेमणाऱ्या सरकारी समितीपुढे अर्ज झाला, आणि एक दिवस चौकशीला तिथले साहेब आले. याला कोण सांभाळतं, असं त्यांनी शेजारच्या शेवंतीकाकींना विचारलं. काकींनी हात फिरवून सगळी वाडीच दाखवली आणि आम्हीच की, म्हणून सांगितलं. साहेब हसले, आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. त्यांचं तरी काय चुकलं? ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी अख्खी वाडी सही करू शकत नाही. कायद्याला जबाबदार धरायला एकच माणूस लागतो, आणि तसा तो लागावाच. आदेश आला, ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं, सोमा हिंडूफिरू लागला. सोमा आता आक्काच्या, म्हणजे माझ्या, नावावर झाला, ही बातमी घराघरांत पोचली.

आणि तिथून काहीतरी बिनसलं. भांडण नाही, अबोला नाही. पण सोमा कुणाच्या पायरीवर जाऊन बसला, की जेवणाच्या वेळेला कुणीतरी त्याचा हात धरून, अगदी मायेनं, त्याला माझ्या दारात आणून सोडी. कुणी त्याला काम सांगेना, कुणी त्याच्यावर ओरडेना. काही दिवसांनी त्यानं जाणंच सोडलं. अंगणाच्या कडेला दगडावर बसून तो दिवसदिवस दुसऱ्यांच्या धुराकडे पाहत राही. एका ताटापुढे तो, एका ताटापुढे मी, आणि मध्ये पसरलेली एक अफाट शांतता! मी त्याला शाळेतल्या गमती सांगायची, तो मान डोलवायचा आणि अर्धा भात तसाच ठेवून उठायचा. तो माझ्यापाशी होता, माझ्याच हक्काचा होता, आणि त्या हिवाळ्यात आम्ही दोघंही विलक्षण एकटे होतो.

का बरं असं व्हावं? त्याच्या दुखण्याची लोकांनी धास्ती घेतली, की माझ्या शिकलेपणाचा त्यांना संकोच वाटला? आणि या विचाराच्या तळाशी दुसरा विचार असायचा, जो मला भर दुपारीसुद्धा थंड करून जाई: मी गेल्यावर याचं काय? समितीला उद्या दुसरं नाव देता येईल. पण तोवर सारी दारं याच्यासाठी परकी झाली तर त्या नावाचा उपयोग काय?

शेवटी न राहवून मी शेवंतीकाकींनाच विचारलं. त्या चकितच झाल्या.

“सरकारनं तुज्या नावावर दिला न्हवं त्याला, आक्का? मंग दुसऱ्यानं कसं वाढायचं? तुजा मान ऱ्हायला पायजे.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या रानाची एक रीत आहे. मधाचं पोळं ज्याला आधी दिसेल, तो झाडाच्या बुंध्याला गवताची पेंडी बांधून जातो. मग ते पोळं त्याचं. बाकीचे खालून येतात-जातात, वर बघतातही, पण हात लावत नाहीत. बांधणारा फिरकलाच नाही तर मध अस्वल खाईल, पण दुसरा माणूस खाणार नाही. ज्या सचोटीनं ही माणसं रानात जगत आली, त्याच सचोटीनं त्यांनी माझ्या भावाला हात लावणं थांबवलं होतं. हसावं की रडावं, तेच मला कळेना.

दुसऱ्या सकाळी काकींच्या अंगणात सगळी घरं कंद निवडायला जमली होती. मी सोमाला घेऊन तिथं गेले. वर्गात आयुष्यभर बोलत आलेली मी, पण त्या वेळी पुस्तकी भाषा सोडून वाडीच्याच बोलीत बोलले.

“कागद सहीपुरता माझा हाय,” मी म्हणाले. “जेवायला, निजायला, ओरडून घ्यायला ह्यो तुमचाच हाय. माझं वय झालं, काकी. मी गेल्यावर ह्यानं कुनाच्या पायरीवर बसायचं?”

काकी खाली मान घालून कंदाची माती झाडत राहिल्या. आपण शब्द फुकट घालवले, असं मनाशी म्हणत मी सोमाला घेऊन परत आले.

त्यानंतर दोनेक दिवसांनी सोमा अंगणातल्या दगडावर दिसला नाही, आणि दुपारचा घरीही आला नाही. मी वाट पाहिली, हाका मारल्या, रानाच्या वाटेनं थोडी जाऊनही आले. भात निवला. उन्हं कलल्यावर तो आला, आरामात, पाय ओढत. हनुवटीला कालवणाचा डाग होता. कुठं जेवलास, म्हणून मी जरा रागानंच विचारलं.

“घरात,” तो म्हणाला.

कुणाच्या, ते मी विचारलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि मी माझ्या एकटीचं ताट वाढून घेतलं.