बारावा चष्मा

चष्मेवाले सर गेल्या माघात देवासला वारले. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत अकरा चष्मे निघाले. एकातूनही नीट दिसत नव्हते. ते तसेच केलेले होते.

सर निवृत्त विज्ञानशिक्षक. साध्या काचा बारीक पॉलिशपेपरने घासायच्या, वर पिवळा कागद लावायचा आणि धार-देवासच्या गावांतून तो चष्मा धडधाकट माणसांना घालायचा. मोतीबिंदू झालेल्याला कसे दिसते ते कळावे म्हणून. वर्तमानपत्रासाठी मी काही वेळा त्यांच्याबरोबर गेलो. डही गावात एक जण म्हणाला, "सर, ये तो गंदा चश्मा है." सर म्हणाले, "भिया, घर में अम्मा यही पहनके बैठी है. उतार भी नहीं सकती."

पीपलरावां गावात एका सुनेची तक्रार होती, सासू रोज दूध सांडते. सरांनी तिला चष्मा लावून, उजेडाकडे तोंड करून, पांढऱ्या कपात दूध ओतायला लावले. दूध ओट्यावर गेले. सासू खाटेवरून म्हणाली, "अब पोंछ भी तू ही."

चष्मे अक्का तपासत. अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहत. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले, डाव्यात मोतीबिंदू. चष्मा लावून त्या उजव्या डोळ्याने भिंतीवरचे कॅलेंडर पाहत, मग चष्मा काढून नुसत्या डाव्याने. दोन्ही सारखे दिसले की चष्मा पास. नाहीतर म्हणत, "बाळू, हे तुझ्या हातचं ताक झालं. आणखी दाट कर." प्रत्येक खेपेचे चष्मे आधीच्यांहून दाट असत.

डॉक्टरांनी डावा डोळाही लवकर करायला सांगितले होते. मी एकदा विचारले. अक्का म्हणाल्या, "मग ह्याचे चष्मे कोण तपासणार?" सर म्हणाले, "शाळांचे कार्यक्रम आटोपले की करू." असे दोन हिवाळे गेले.

पुढच्या दिवाळीनंतर अक्कांचे डोके दुखू लागले, उलट्या झाल्या. पित्त समजून सरांनी दोन दिवस सुंठ-साखर दिली. तिसऱ्या दिवशी इंदूरला नेले. मोतीबिंदू पिकून डोळ्यातला दाब वाढला होता. डावा डोळा गेला.

सरांनी कार्यक्रम थांबवले नाहीत. बोलण्यात एक वाक्य वाढले: "एक डोळा झाला म्हणून दुसरा लांबवू नका." नाव कोणाचे घेत नसत.

शेवटचा चष्मा त्यांनी पौषात केला. मी समोर होतो. उजवी काच स्वच्छ, डावीवर काळी पट्टी. अक्कांनी तो लावला, कॅलेंडर पाहिले. काढला, पुन्हा पाहिले.

"हा बरोबर जमला," त्या म्हणाल्या.

सरांनी तो पिशवीत घातला नाही. तो अक्कांकडे आहे.