गॅस उघडा राहिला तेव्हा

आम्ही सहा जण एका बंगल्यात सहनिवास करून राहत होतो. स्वयंपाक पाळीपाळीने, आठवड्याची भाजी मार्केट यार्डातून एकदम, आणि कुठलाही निर्णय रविवारच्या बैठकीत सगळ्यांच्या संमतीने. सर्वांत मोठ्या होत्या मावशी. निवृत्त नर्स, वय सत्तरच्या आसपास. रोज पहाटे त्याच आधी उठून स्वतःपुरता चहा करायच्या.

एका सकाळी सात वाजता आमच्यातले प्राध्यापक स्वयंपाकघरात गेले आणि ओरडलेच. गॅसचा वास घरभर पसरला होता. शेगडीचं बटण उघडं होतं. त्यांच्या हातात लायटर होता.

खिडक्या उघडून आम्ही अंगणात उभे राहिलो. प्राध्यापक मावशींकडे बघून म्हणाले, "चहा झाला ना आपला? आम्ही मात्र वर जाता जाता वाचलो."

मावशी गोंधळल्या. "मी बंद केला होता हो," म्हणाल्या. मग जरा थांबून, "केला होता बहुतेक."

बंद त्यांनी केलाच होता. त्यांच्यानंतर सव्वासहाला मी दूध गरम केलं होतं. ऑफिसचा फोन आला, कान आणि खांद्यामध्ये फोन धरून मी सांडशीने पातेलं उतरवलं आणि तशीच वर गेले. वाऱ्याने बारीक ज्योत विझली असणार. मला कोणी पाहिलं नव्हतं. अंगणात उभी असताना मला हे सगळं लख्ख आठवत होतं, आणि मी गप्प राहिले.

रविवारी बैठक झाली. मावशींनी एकटीने गॅस लावायचा नाही, असं ठरलं. "बरोबर आहे," त्याच म्हणाल्या. एकेकाने हात वर केला. मीही केला.

त्यानंतर मावशी सकाळी उठून जेवणाच्या टेबलाशी नुसत्या बसून राहायच्या, कोणीतरी उठून चहा करीपर्यंत. एकदा त्यांच्यासमोर छोटी वही दिसली. 'नळ बंद केला. कडी लावली. गोळी घेतली.' प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहिलेली. मी चहा ठेवला. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, "साखर कमीच ना?"

पुढच्या शनिवारी गॅसचं ऐकून त्यांचा मुलगा आला. "आई, आता इथे नको. आमच्याकडे निदान कुणाचं तरी लक्ष राहील," तो म्हणाला. मावशी "नाही" म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "आजच निघायचं का?"

मी जिन्यात उभी होते. खाली आले. "गॅस माझ्याकडून राहिला होता," मी म्हणाले. "मावशींचा काही दोष नाही."

मावशींचा आवाज चढला नाही. "हात वर केला होतास ना तू?"

"हो."

"गुरुवारी मी एकटी बसने जाऊन डॉक्टरला डोकं दाखवून आले, विसरायला लागलेय का म्हणून. शंभरातून सात सात वजा करायला लावलं त्यांनी मला."

"आम्हाला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कुणाला सांगू? तुमचं सगळ्यांचं तर एकमत झालं होतं."

त्या गेल्या नाहीत. मुलाला जेवू घालून परत पाठवलं, भाजी स्वतः फोडणीला टाकली. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. प्राध्यापकांनी मावशींची माफी मागितली, एकही टोमणा न मारता.

माझ्याशी मात्र त्या कामापुरतंच बोलायच्या. पावसाळ्यात मला डेंगी झाला. तीन दिवस त्या माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. ताप मोजायच्या, पाणी पाजायच्या, कपाळावरची पट्टी बदलायच्या. एक शब्द जास्त नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्यांनी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला, म्हणाल्या, "आता पेज खा," आणि खाली निघून गेल्या.